"मॅडम, फाईल टेबलावरच होती"

कुठल्या टेबलावर? पावणेअकरा वाजलेत, अकराला कोर्ट बसतंय आणि फाईलमध्ये पंचनामाच नाही! सरकारी वकील म्हणून मी सरतपासाची, म्हणजे आपल्याच साक्षीदाराला विचारायच्या प्रश्नांची, तयारी करायची की कागद हुडकत लिपिकांच्या मागे फिरायचं?

समन्स निघालं का? "लिहून ठेवलंय." बजावलं का? "पैरवीवाल्या पोलिसांना विचारतो." कधी विचारणार, निकाल लागल्यावर? रासायनिक विश्लेषणाचा अहवाल आवक नोंदवहीत चढवला की काम संपलं. मूळ फाईलला तो लावायचा कुणी? जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी नागरिक सुरक्षा संहिता १ जुलै २०२४ पासून लागू आहे, तरी नव्या जामीन अर्जावरचा 'से', म्हणजे आमचं लेखी म्हणणं, अजून जुन्या 'कलम ४३९' खालीच टाइप होऊन येतो. आता ते ४८३! शंभर वेळा सांगितलं, ४८३! आणि दोषारोपपत्राचा मसुदा तपासायला येतो, तो आठ दिवस गठ्ठ्याखाली. ते दाखल करायची साठ किंवा नव्वद दिवसांची मुदत हुकली की कोठडीतल्या आरोपीला जामिनाचा हक्कच मिळतो, हे माहीत नाही का कुणाला?

जागा रिकाम्या आहेत, कामाचा बोजा आहे, मान्य. पण परवा एक म्हातारी मुलाच्या खुनाच्या खटल्यात साक्ष द्यायला रात्रभर एसटीत बसून आली होती. मुद्देमाल मागवायचं पत्रच गेलेलं नव्हतं. तिला पुढची तारीख सांगताना माझी जीभ उचलेना. रोजी बुडवून आलेल्या त्या बाईला काय सांगायचं?

उद्या बोर्डावर सात केसेस आहेत. पाचच्या आत सातही फाईली, पानं मोजून, माझ्या टेबलावर हव्यात. माझ्या!