उरळी म्हणे!

आज डोकं फिरलंय, पोस्ट लांब होणार, आधीच सांगते.

भाचीच्या नव्या फ्लॅटसाठी काहीतरी घ्यावं म्हणून एका भारी होम डेकोरच्या दुकानात गेले. एसी, लेमनग्रासचा वास, आणि मधोमध स्टुलावर घंगाळ. आपलं घंगाळ हो, अंघोळीचं! त्यात पाणी, पाण्यात प्लॅस्टिकची कमळं, आणि चिठ्ठी: 'व्हिंटेज ब्रास उरळी, १८,५००'. उरळी म्हटलं की मला फक्त पुण्याजवळचं उरुळी कांचन गाव आठवतं. केरळातली उरुळी वेगळी, ती स्वयंपाकाची, पसरट. ह्याला दोन्ही बाजूंना कड्या आहेत त्या दिसत नाहीत का?

आमच्या आजीचं घंगाळ डिट्टो असंच होतं. तिच्या माहेरचं. दिवाळीला पहाटे त्याच्याभोवती रांगोळी, आत बंबातलं कढत पाणी, आणि मी थंडीने कुडकुडत पाटावर. ९६ साली वाडा सोडून फ्लॅटमध्ये आलो तेव्हा आईने ते मोडीत घातलं. बदल्यात स्टीलचा डबा-सेट आला.

बरं, ते पाण्याचं भांडं, एकवेळ सोडून देऊ. पण शेजारीच पितळी पातेली 'सर्व्हिंग बाऊल' म्हणून, आत कल्हईचा पत्ता नाही! विचारलं तर ती मुलगी म्हणते, मॅम ह्यात कढी छान दिसते. दिसेल गं, पण कळकेल त्याचं काय? कळकणं, म्हणजे बिनकल्हईच्या पितळेत आंबट पदार्थ बिघडणं, हा शब्दच तिने ऐकला नव्हता. आणि रील्सवाले ओरडतायत, पितळ इज बॅक. गेलं कुठे होतं? आपणच किलोवर विकलं ना?

हो, मान्य, वितळवून नळाच्या तोट्या होण्यापेक्षा कमळं बरी. आणि हाताच्या कामाला पैसे मोजायलाच हवेत, पुण्यात कसब्यात तांबट आळीत मठार करणाऱ्याच्या, म्हणजे भांड्यावर ठोके घालणाऱ्याच्या, शेजारी पाच मिनिटं उभं राहून बघा, एकेक ठोका शेजारच्या ठोक्याला लागून पडतो, तिथे मी घासाघीस करत नाही. पण इथे मठारवाल्याला काय मिळालं? काहीच नाही. हे कुणाच्यातरी मोडीतलं घासूनपुसून ठेवलेलं.

कशावरून म्हणाल तर काठावर ठिपक्याठिपक्यांनी नाव घातलेलं होतं. मशीनवर पॉलिश करताना नाव गेलंय. फक्त 'चि. सौ. कां.' उरलंय आणि शेवटी 'सप्रेम भेट'. मी बोट फिरवत बसले तर ती मुलगी म्हणाली, मॅम तो स्क्रॅच आहे, त्याचे पाचशे कमी करता येतील.

तिच्यावर काय चिडणार. आईवर मी इतकी वर्षं चिडले, पण मोडीत घातलं त्या दिवशी दुकानात घंगाळ रिक्षातून उतरवायला तिला हात कोणी दिला? मीच. सतरा वर्षांची होते, मला ते डबे हवे होते, झाकणाला काच असलेले. काट्यावर चढवताना आईने पदराने त्याचा काठ पुसला होता. विकायची वस्तू कशाला पुसतेस, म्हणून मी हसले होते.

भाचीला शेवटी काही घेतलं नाही. फोटो काढून आईला व्हॉट्सॅप केला, वाटलं विचारेल केवढ्याला. दहा मिनिटांनी उत्तर आलं, 'ह्याची डावी कडी नंतर बसवलेली आहे. आपलं नाही हे.'

म्हणजे तिनेही झूम करून बघितलं.