गेलेल्या कलावंताची सोय

गावचा, तमाशातला ढोलकीवाला किंवा सोंगाड्या गेल्याची बातमी सकाळी ग्रुपवर आली की हात जोडलेले तीन इमोजी टाका आणि थांबा. 'एक युग संपले' हे लिहायचंच आहे, पण आधी नाव विचारून घ्या. जन्मभर आपण त्याला 'ए ढोलकी' म्हणत आलो; खरं नाव फक्त रेशनकार्डावर असतं.

पुढची अडचण फोटोची. जत्रेच्या व्हिडिओत तो सापडतो, पण मागे आणि अर्धाच, कारण पुढे नोटा उधळत दौलतजादा करणारे आपले माननीय उभे. आधार कार्डावरचा फोटो मोठा करून घ्या, फेटा फ्लेक्सवाला चढवून देतो. मयताला डावा कोपरा पुरतो. उरलेली जागा शोकाकुलांची. शोकाकुलांनी गॉगल घातला तरी चालतो.

भाषणाला तमाशासम्राज्ञी विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर कामाला येतात. १९३५चा जन्म, पंढरपूरचा, म्हणून नाव विठा. बाप भाऊ आणि चुलता बापू यांचा स्वतःचा फड. हे दोन वाक्यांत उरका आणि थेट त्या रात्रीवर या: दिवस भरलेले, बारी म्हणजे तमाशाचा खेळ रंगात आलेला, कळा सुरू झाल्या. बाई आत गेल्या, बाळंत झाल्या, नाळ दगडाने तोडली आणि परत बोर्डावर येऊन उभ्या राहिल्या. इथे आवाज कापरा करा, 'कलेवरची निष्ठा' म्हणा, पाण्याचा घोट घ्या. नऊ महिने भरलेली बाई त्या रात्री नाचायला का उभी होती, हे मात्र विचारू नका. इसार घेतलेला असतो, फडामागे पन्नास पोटं असतात, आणि बारी पडली तर पब्लिक कनात फाडतं, असलं सांगत बसलात तर निष्ठेची मजा जाते. सपाट पोट पाहून प्रेक्षकांनीच हात जोडून बारी थांबवायला लावली, असंही सांगतात. तेही गाळा. त्यात पब्लिक वक्त्यापेक्षा शहाणं ठरतं.

१९५७ आणि १९९० अशी दोन राष्ट्रपती पदकं बाईंना मिळाली. १५ जानेवारी २००२ला त्या गेल्या, तेव्हा दवाखान्याचं बिल भागवायला लोकांनी वर्गणी काढली. २००६पासून सरकार त्यांच्या नावाने जीवनगौरव पुरस्कार देतं. क्रम पाठ करून ठेवा: आधी बिल, मग माणूस, मग पुरस्कार. उलटा केला तर कलावंत शेफारतात. अण्णा भाऊ साठे १९६९ला गेले, त्यांचं टपाल तिकीट २००२ला निघालं. तेव्हा तुमच्या ढोलकीवाल्याच्या नावाची कमान यंदा झाली नाही म्हणून ओशाळू नका.

जिवंतपणी करायचं ते आपण करतोच. गुढीपाडव्याला नारायणगावात तमाशा फडांच्या राहुट्या लागतात, तिथे यात्रा कमिटी घेऊन जा आणि सुपारी ठरवताना भाव पाडा. शेवटचे पाचशे कमी करून घेतल्याशिवाय उठू नका. लोककला जगली पाहिजे, पण आपल्या यात्रेच्या खर्चात नको. (डीजेवाल्याशी घासाघीस नको, तो पोरांच्या ओळखीचा असतो.)

श्रद्धांजली सभेत मागच्या रांगेत एक म्हातारा हमखास बसलेला असेल. गेलेल्याच्या जोडीने तीस वर्षं तुणतुणं वाजवलेला. सभा संपली की तो प्लॅस्टिकच्या पिशवीतून कागद काढेल. सरकारचं वृद्ध कलावंतांचं मानधन आहे, त्याला उत्पन्नाचा दाखला लागतो, कार्यक्रमांचे पुरावे लागतात, आणि मानधन सुरू झाल्यावर वर्षाला हयातीचा दाखला. पुरावा म्हणून त्याच्याकडे एका जत्रेचं पिवळं पडलेलं हँडबिल असेल, त्यावर नर्तकीचं नाव ठळक, फडमालकाचं त्याहून ठळक, आणि खाली बारीक अक्षरात 'व इतर साथीदार'. त्या 'इतर'वर बोट ठेवून तो म्हणेल, "ह्यो मी."

त्याला म्हणा, बाबा, सोमवारी ऑफिसात या. आणि तेवढ्यात मोबाइल काढून त्याचा एक फोटो घेऊन ठेवा. समोरून, उजेडात, फेट्यासकट.