लाल पाकीट नक्की कोणाच्या जिवावर चाललं?

नेटफ्लिक्सची जन्मकथा तुम्ही ऐकली असेलच. रीड हेस्टिंग्जने दुकानातून भाड्याने आणलेली कॅसेट परत करायला उशीर केला, ४० डॉलर दंड बसला आणि त्या रागात त्याने कंपनी काढली. मॅनेजमेंटच्या वर्गात, व्हॉट्सॲपवर, प्रेरणादायी भाषणांत ही गोष्ट अजून फिरत असते. त्याचा जोडीदार मार्क रँडॉल्फ मात्र सरळ सांगतो की ही सांगायला सोयीची म्हणून रुळलेली गोष्ट आहे. दोघांनी खरं काय केलं, तर गाण्यांची एक सीडी साध्या पाकिटात घातली, सांता क्रूझमधल्या हेस्टिंग्जच्या घरच्या पत्त्यावर टपालाने पाठवली आणि ती फुटते का ते बघितलं. फुटली नाही. मग पुढचं सगळं, म्हणजे सिनेमांच्या डीव्हीडी लाल पाकिटातून टपालाने घरोघरी भाड्याने देण्याचा धंदा.

मला ही दुसरी गोष्ट जास्त आवडते, कारण तिच्यात पोस्टमन आहे.

२०२३ च्या २९ सप्टेंबरला नेटफ्लिक्सने शेवटची डीव्हीडी पोस्टात टाकली. तेव्हा अमेरिकेतल्या आमच्या मराठी मंडळींच्या सोशल मीडियावरच्या भिंती लाल पाकिटांच्या आठवणींनी भरून गेल्या होत्या. त्या वाचताना सारखं जाणवत होतं की सगळे कंपनीच्या दूरदृष्टीचं कौतुक करतायत, अल्गोरिदमचं करतायत, ब्लॉकबस्टर या व्हिडिओ दुकानांच्या साखळीची कशी जिरवली ते सांगतायत. ती योजना ज्या दोन गोष्टींवर उभी होती त्यांचं नाव कोणीच घेत नाही. त्या दोन्ही कंपनीच्या मालकीच्या नव्हत्या. एक म्हणजे अमेरिकेचं टपाल खातं आणि दुसरी म्हणजे कॉपीराइट कायद्यातलं एक कलम. हे खूप दिवस डोक्यात आहे, आज लिहून टाकतो. पोस्ट लांबणार आहे, आधीच सांगतो.

आधी व्यवहार कसा चालायचा ते, कारण आमच्या घरातल्या तरुण पिढीला नेटफ्लिक्स म्हणजे टीव्हीच्या रिमोटवरचं एक बटण एवढंच माहीत आहे. महिन्याला ठरावीक रक्कम भरायची. २००४ च्या शेवटी तीन डीव्हीडींच्या योजनेला १७.९९ डॉलर पडायचे. साइटवर जाऊन आपल्याला हव्या त्या सिनेमांची यादी करायची, तिला 'क्यू' म्हणत. यादीतले वरचे तीन सिनेमे घरी यायचे. कितीही दिवस ठेवा, दंड नाही. एक परत केला की यादीतला पुढचा निघायचा. नव्या, मागणी असलेल्या सिनेमासमोर 'थांबा', 'बराच वेळ थांबा', 'फारच वेळ थांबा' अशा अर्थाचे शेरे दिसायचे. सुरुवातीला, १९९८ मध्ये, दर सिनेमामागे भाडं होतं. महिन्याची वर्गणी १९९९ मध्ये आली आणि धंदा खरा तिथून धावायला लागला.

आणि ते पाकीट! डीव्हीडीला डबा नाही, वेष्टनावरचं चित्र नाही. न फाटणाऱ्या पांढऱ्या कागदाची एक खोळ, तिच्यावर सिनेमाची चार ओळींची माहिती आणि बारकोड. बाहेरचं लाल पाकीट छिद्रांच्या रेषेवर फाडायचं. फाडल्यावर जे उरायचं तेच परतीचं पाकीट, पत्ता छापलेला, टपालखर्च कंपनीने भरलेला. खोळ आत सरकवायची, चिकटपट्टी ओढून बंद करायचं आणि घराबाहेरच्या टपालपेटीत ठेवून द्यायचं. बाबा इकडे आले होते तेव्हा त्यांना हा सगळा प्रकार संशयास्पद वाटला. पाकीट उलटंसुलटं करून म्हणाले, "याच्यावर तिकीट कुठाय? उद्या पोस्टमन दुप्पट पैसे मागायला दारात येईल." दुसऱ्या दिवशी पोस्टमनने ते निमूटपणे नेलं, तरी त्यांचा विश्वास बसायला पुढचा सिनेमा यावा लागला. नंतर मात्र यादीवर त्यांनीच कब्जा केला. युद्धपटांमागून युद्धपट यायला लागले आणि बायकोचे सिनेमे सतत चौथ्या नंबरावर अडकून पडले.

पैशाचं गणित खानावळीच्या महिनेवारीसारखं होतं. कमी जेवणाऱ्यांच्या जिवावर भरपूर जेवणारे पोसले जातात. फरक इतकाच की आपल्या खानावळीत खाडे वजा होतात, इथे तो प्रकार नव्हता. टीव्हीखाली महिनाभर तशीच पडून राहिलेली डीव्हीडी म्हणजे कंपनीचा निव्वळ नफा. उलट, जो आला त्या रात्री बघून सकाळी परत पाठवायचा तो कंपनीला महागात पडायचा, कारण दर खेपेला दोन्ही बाजूंचं टपाल. मग अशा खादाड गिऱ्हाइकांना डीव्हीडी जरा सावकाश आणि मागणी असलेले सिनेमे सगळ्यात शेवटी पाठवायचे, अशी पद्धत पडली. 'अमर्याद' म्हणून जाहिरात करता आणि हे काय, असा सामूहिक दावा २००४ मध्ये कोर्टात गेला आणि २००५ मध्ये तडजोड झाली. कमी सिनेमे मागवणाऱ्यांना प्राधान्य मिळतं, हे त्यानंतर अटींमध्ये उघड लिहावं लागलं.

आता टपाल खात्याकडे येतो.

डीव्हीडी अमेरिकेत १९९७ मध्ये आली. १२ सेंटीमीटरची ती तबकडी भरते जेमतेम १६ ग्रॅम. पाकीट धरूनसुद्धा ती एका औंसात, म्हणजे साधारण २८ ग्रॅमांत बसते. आणि अमेरिकेत एका औंसाचं साधं पत्र देशात कुठेही एकाच दरात जातं. नेटफ्लिक्स सुरू झालं तेव्हा ते तिकीट ३२ सेंटांचं होतं. शेजारच्या गल्लीत पाठवा नाहीतर तीन हजार मैलांवर अलास्कात, तेवढेच ३२ सेंट. शनिवारीसुद्धा वाटप. व्हिडिओ कॅसेटला हे शक्यच नव्हतं, ती जाड आणि जड. म्हणजे देशातल्या प्रत्येक दारापर्यंत जाणारा माणूस, त्याची गाडी, छाटणीची यंत्रं, पत्त्यांची यादी हे सगळं आधीच तयार होतं, दोन शतकांच्या सरकारी कामातून. कंपनीने त्यात आपली पाकिटं सोडली. पुढे तिने देशभर पन्नासहून जास्त केंद्रं उघडली, म्हणजे बहुतेक गिऱ्हाइकांना दुसऱ्या दिवशी सिनेमा मिळेल. त्या इमारतींवर पाटीही नसायची, नाहीतर लोक डीव्हीडी परत करायला थेट दारात उभे राहायचे.

ही पाकिटं छाटणीच्या यंत्रांना मात्र अजिबात आवडत नव्हती. परतीचं पाकीट मऊ, कडा लुळ्या, यंत्रात अडकायचं. मग टपाल कर्मचारी ती हाताने वेगळी काढायला लागले. २००७ मध्ये टपाल खात्याच्याच महानिरीक्षकांच्या कार्यालयाने हिशेब मांडला की या हातकामापायी वर्षाला साधारण २.१ कोटी डॉलरचा जादा खर्च होतोय. आणि दर तोच, साध्या पत्राचा!

हे बघून गेमफ्लाय नावाची कंपनी चिडली. ती अशाच पद्धतीने व्हिडिओ गेम भाड्याने द्यायची. तिच्या डिस्क यंत्रात जाऊन फुटायच्या, म्हणून बिचारी जास्त दराची मोठी पाकिटं वापरायची. आम्हाला यंत्र आणि त्यांना हात, हा कुठला न्याय, असं म्हणत ती २००९ मध्ये टपाल नियामक आयोगाकडे गेली. भेदभाव होतोय हे आयोगाने २०११ मध्ये मान्य केलं, पण दिलेला उपाय अर्धवट होता. २०१३ मध्ये अपील कोर्टाने कान धरल्यावर दर सारखे झाले. माझ्या मते नेटफ्लिक्सच्या इतिहासातलं हे सगळ्यात बोलकं प्रकरण आहे, आणि यशोगाथांमध्ये ते कधीच नसतं. टपाल खात्यातल्या कोणा अनामिक माणसाने लाखो पाकिटं हाताने उचलून बाजूला ठेवली म्हणून तुमचा सिनेमा न फुटता परत जात होता.

आता ते कलम. मला स्वतःला यात जास्त रस आहे.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत एका प्रकाशकाने कादंबरीच्या आत छापलं होतं: किंमत एक डॉलर, याहून कमी किमतीला विकाल तर तो कॉपीराइटचा भंग समजू. न्यूयॉर्कच्या मेसीज दुकानाने ती बिनधास्त ८९ सेंटांना विकली. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि १९०८ मध्ये प्रकाशक हरला. कोर्टाचं म्हणणं असं की एकदा तू प्रत विकलीस की त्या प्रतीचं पुढे काय करायचं हे घेणारा ठरवेल. नव्या प्रती काढण्याचा हक्क तुझा, विकलेल्या प्रतीवरचा हक्क संपला. हेच तत्त्व पुढे १९७६ च्या कायद्यात कलम १०९ म्हणून आहे. रद्दीतल्या पुस्तकांचं दुकान, सार्वजनिक वाचनालय आणि व्हिडिओ लायब्ररी, तिघंही याच आधारावर उभी.

संगीतवाल्यांनी १९८४ मध्ये यातून स्वतःला सोडवून घेतलं. अमेरिकेत गाण्यांची रेकॉर्ड किंवा सीडी परवानगीशिवाय धंदा म्हणून भाड्याने देता येत नाही. सिनेमावाल्यांनीही त्याच सुमारास खटपट केली होती, पण तोवर गल्लोगल्ली व्हिडिओची दुकानं झाली होती आणि त्यांचे मालक संसदेत जाऊन बसले. स्टुडिओ हरले. ते जिंकले असते तर नेटफ्लिक्स नावाचं काही आज नसतं.

म्हणजे काय, तर कंपनीला कोणाची परवानगी लागत नव्हती. बाजारात डीव्हीडी आली, विकत घे, भाड्याने दे. रेडबॉक्स ही किराणा दुकानाबाहेर डीव्हीडीची यंत्रं लावणारी कंपनी. तिला काही स्टुडिओंनी नवे सिनेमे पुरवायला नकार दिला, तेव्हा तिने ते चक्क वॉलमार्टसारख्या दुकानांतून खरेदी करून यंत्रात भरले. कोणी काही करू शकलं नाही. नेटफ्लिक्सच्या यादीत १ लाखाहून जास्त नावं होती ती याच मोकळिकीमुळे. इराणी सिनेमे, जुने जपानी, सत्यजित राय, शिवाय एखाद्या विद्यापीठाने काढलेला आणि चारच लोकांनी मागवलेला माहितीपट. एक प्रत घेऊन ठेवली की ती कायमची आपली.

आता स्ट्रीमिंगचं बघा. तिथे 'प्रत' नावाची चीजच नाही, त्यामुळे ते कलम लागूच होत नाही. प्रत्येक सिनेमासाठी मालकाच्या दारात जायचं, करार करायचा, मुदत संपली की सिनेमा गायब. लोक विचारतात, महिन्याला एवढे पैसे भरूनही हवा तो जुना सिनेमा का सापडत नाही? उत्तर तंत्रज्ञानात नाही, या कायद्यात आहे. आणि कंपनीला ते आधीच कळलेलं होतं. २०१० मध्ये तिने वॉर्नर या स्टुडिओशी करार केला: नवा सिनेमा विक्रीला आल्यावर २८ दिवस आम्ही तो भाड्याने देणार नाही, बदल्यात डीव्हीडी स्वस्त द्या आणि स्ट्रीमिंगसाठी जास्त सिनेमे द्या. हातातला हक्क तिने आपणहून गहाण टाकला. धंदा म्हणून शहाणपणाचं असेल, नाही म्हणत नाही. २०११ मध्ये दोन्ही योजना वेगळ्या करून दर वाढवले, डीव्हीडीला 'क्विकस्टर' असं नाव देऊन वेगळी साइट काढायची घोषणा केली, महिन्याभरात ती गुंडाळली आणि त्या तिमाहीत ८ लाख वर्गणीदार गेले. त्यानंतर डीव्हीडी विभाग म्हणजे घरातल्या म्हाताऱ्यासारखा, जेवायला मिळतं पण विचारत कोणी नाही.

हेच भारतात का झालं नाही, असं मला अनेकांनी विचारलंय. प्रयत्न झाले. बंगळुरूची सेव्हंटीएमएम होती, रिलायन्सचं बिगफ्लिक्स होतं, मुंबई-पुण्यातल्या काहींनी त्यांची डीव्हीडी घरी मागवलीही असेल. पण ती पोस्टाने येत नसे, कंपनीचा पोऱ्या मोटारसायकलवर आणून द्यायचा आणि जुनी घेऊन जायचा. त्या पोऱ्याचा पगार आणि पेट्रोल धरलं की ते ३२ सेंटांचं गणित बसत नाही. आणि त्याहून मोठी अडचण कायद्याची. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १४ मध्ये सिनेमाची प्रत भाड्याने देण्याचा हक्क सरळ निर्मात्याकडे ठेवलाय. २००९ मध्ये तर असे शब्दच होते की प्रत आधी विकली गेलेली असली तरीही. दिल्लीतली एक लायब्ररी परदेशातून रीतसर विकत आणलेल्या अस्सल डीव्हीडी भाड्याने देत होती. पायरेटेड नव्हे, अस्सल. वॉर्नर कोर्टात गेली आणि त्या वर्षी दिल्ली उच्च न्यायालयाने निकाल लायब्ररीच्या विरोधात दिला. कायद्यात लिहिलंय तसाच निकाल आहे, न्यायालयाला दोष देण्यात अर्थ नाही. पण कायदा तसा का लिहिला यावर आपल्याकडे कधी कोणी दोन शब्द बोललेलं मला आठवत नाही. आपल्या गल्लीतली व्हिडिओ लायब्ररी चालत होती ती बहुधा कोणी विचारायला आलं नाही म्हणून.

जुनं ते सोनं असा माझा सूर समजू नका. पोस्टाने सिनेमा मागवण्यात कटकट होतीच. ऐन रंगात आल्यावर ओरखड्यापाशी चित्र गोठायचं. शुक्रवारी बघायचा सिनेमा सोमवारी यायचा, आणि मंगळवारी तो बघायची इच्छा मेलेली असायची. आज नवा मराठी सिनेमा आठ हजार मैलांवरून बसल्याजागी दिसतो, हे सुख मी सोडणार नाही. शिवाय आकडे स्पष्ट आहेत. पंचवीस वर्षांत ५२० कोटींहून जास्त डीव्हीडी पाठवून झाल्यावरच कंपनीने ते दुकान बंद केलं, आणि शेवटच्या खेपेच्या डीव्हीडी लोकांना ठेवून घ्यायला सांगितल्या. माझा मुद्दा एवढाच की ते दुकान बंद झालं तेव्हा नुसती एक सेवा गेली नाही. स्टुडिओला न विचारता सिनेमा दाखवू शकणाऱ्या शेवटच्या मोठ्या खेळाडूंपैकी एक गेला. रेडबॉक्सही २०२४ मध्ये दिवाळखोरीत गेली.

अमेरिकेत असाल आणि डीव्हीडी प्लेअर अजून माळ्यावर टाकला नसेल तर गावच्या वाचनालयात जाऊन बघा, तिथे त्या कलमाच्या आधाराने सिनेमे अजून फुकट मिळतात. सिएटलमधली स्केअरक्रो व्हिडिओ ही संस्था तर अजून पोस्टाने पाठवते. महाराष्ट्रातल्या मंडळींना एकच विचारायचंय. नव्वदीत कॅसेट लायब्ररीत मेंबर होताना जी अनामत भरली होती ती कोणाला परत मिळाली का? आमची नाही मिळाली. मालकाने दुकानात मोबाईल रिचार्ज सुरू केलं आणि अनामतीचं रजिस्टर वाळवीने खाल्लं म्हणाला.