टाच, जप्ती आणि सहाशे डॉलरची पाँटियाक
कोल्हापूरचा मामा फॅमिली ग्रुपवर आठवड्याला एक तरी बातमी टाकतो: अमक्याच्या मालमत्तेवर ईडीची टाच. खाली टाळ्यांची रांग. बातमी विरोधी पक्षातल्याची असेल तर जरा जास्तच. मग मला उद्देशून, 'तुमच्या अमेरिकेत बघ, गुन्हा शाबीत झाल्याशिवाय कुणाच्या वस्तूला हात लावत नाहीत.'

मामा, लावतात.

मी डेट्रॉइटजवळ राहतो. 1988 साली याच शहरात एकाला वेश्येबरोबर गाडीत पकडलं. गाडी नवरा-बायकोच्या सामाईक नावावर, जुनी पाँटियाक, सहाशे डॉलरला घेतलेली. सरकारने ती काढून घेतली. बायको म्हणाली, मला यातलं काही ठाऊक नव्हतं, निदान माझा वाटा तरी द्या. 1996 साली सुप्रीम कोर्टाने पाच विरुद्ध चार मतांनी 'नाही' म्हटलं. बेनिस विरुद्ध मिशिगन, कुणीही वाचावा असा निकाल.

यामागे एक जुना विचार आहे: गुन्हेगार माणूस नव्हे, वस्तू. म्हणून इथे 'युनायटेड स्टेट्स विरुद्ध 1,24,700 डॉलर रोख' अशा नावाचा खटला चालतो. नोटा प्रतिवादी! इंग्लंडमध्ये तर माणूस चिरडणारं गाडीचं चाक किंवा शिंग खुपसणारा बैल राजाकडे जमा होई. ती प्रथा 1846 मध्ये बंद झाली.

शब्दही तसेच. 'कॉन्फिस्केट'मधला लॅटिन 'फिस्कस' म्हणजे मुळात टोपली, पैशांची थैली. पुढे रोमन बादशहाचा खजिना. जप्त करणं म्हणजे टोपलीत टाकणं. आपला 'जप्त' अरबी 'ज़ब्त'वरून आला. घट्ट धरणं, काबूत ठेवणं. उर्दू शायर अश्रू 'ज़ब्त' करतो तो हाच. म्हणजे आपल्या शब्दात निदान धरून ठेवणं आहे, गिळणं नाही. गिळण्यासाठी आपल्याकडे 'खालसा' होता. सातारचं राज्य 1848 साली खालसा झालं, ते परत आलं नाही.

माझी तक्रार इथेच आहे. मनी लाँडरिंग कायद्यातली टाच तात्पुरती असते. 180 दिवसांत प्राधिकरणाने ती कायम केली नाही तर ती उठते, आणि मालमत्ता खरोखर सरकारजमा व्हायची ती साधारणपणे विशेष न्यायालयात गुन्हा सिद्ध झाल्यावर. पण मथळा 'कोट्यवधींची मालमत्ता जप्त' असतो आणि ग्रुपवर निकाल लागून मोकळा. टाच उठली तर ती बातमी मामा टाकत नाही. त्याच्या वर्तमानपत्रात ती येत असली तरी आतल्या पानावर.

अमेरिकेची आरती मी ओवाळत नाही, पण एक गोष्ट इथे घडली: लोक पक्ष विसरून चिडले. न्यू मेक्सिकोने 2015 साली दोषसिद्धीशिवायची जप्ती बंद केली. मिशिगनने 2019 मध्ये अमली पदार्थांच्या प्रकरणांत 50,000 डॉलरपर्यंतच्या मालमत्तेसाठी आधी शिक्षा, मग जप्ती असा नियम केला. अजून बऱ्याच राज्यांत जुनंच चालू आहे. पोलिसखात्याला त्या पैशातून वाटा मिळतो, हे कळल्यावर का चालू आहे ते विचारावं लागत नाही.

आणि आपल्याकडचं एक कलम मला इथे बसून फार जवळचं वाटतं. दिवाणी प्रक्रिया संहितेचं साठावं: कर्जदाराची स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारं आणि धर्मरिवाजाप्रमाणे बाईला अंगावरून उतरवता येत नाहीत ते दागिने जप्त करता येत नाहीत. मी लहान असताना शेजारच्या शिंप्याकडे बेलीफ आला होता. वडील पंच. कपाट बाहेर आलं, पंखा उतरला, मग एकाने शिलाई मशीनला हात घातला. वडील म्हणाले, 'ते त्याचं हत्यार आहे, साहेब.' बेलीफने कागद पाहिला, मशीन खाली ठेवायला लावलं आणि पंचनाम्यात एक ओळ खोडली. शिंप्याची बायको मशीनसमोर जाऊन बसली ती बेलीफ फाटकाबाहेर जाईपर्यंत उठली नाही.

त्या दिवशी गल्लीत टाळ्या कुणी वाजवल्या नव्हत्या. शिंप्याने पैसे बुडवले होते हे सगळ्यांना माहीत होतं, तरीही.