लायट चालू हा!

पन्नाशीनंतर माणसाला काय धरेल सांगता येत नाही. कुणाला गुडघे धरतात, कुणाला अध्यात्म. मला दोन दारांची लाल गाडी धरली.

गाडी २०१० सालची, पुण्याच्या एका डॉक्टरांकडून घेतलेली. जमिनीपासून चार बोटं वर. बसताना आधी बूड आत टाकायचं, मग पाय गोळा करायचे, मग देवाचं नाव घ्यायचं. उतरताना हाच क्रम उलटा, फक्त देवाचं नाव जरा मोठ्याने. नंबर एमएच-१२, त्यामुळे ज्या मालवणात माझा जन्म गेला तिथल्याच बंदरावर पोरं काचेवर टकटक करून विचारतात, "सर, स्कूबा करायचंय?" त्यातल्या एकाच्या बारशाला मी जेवलो आहे.

हे सगळं मी सोसलं असतं. पण गाडीचे दिवे स्वयंचलित निघाले.

म्हणजे काय, तर समोरच्या काचेवर आरशामागे एक सेन्सर चिकटवलेला असतो. त्याला अंधारलं की तो दिवे लावतो, उजाडलं की घालवतो. ज्या देशात ही गाडी बनली तिथे अंधार म्हणजे अंधार आणि उजेड म्हणजे उजेड असणार. आमचा चौके-धामापूर-कुडाळ रस्ता त्या लोकांनी पाहिलेला नाही. दोन्ही बाजूंनी आंबा, फणस, काजू, वर एकमेकांत फांद्या. भर बाराला झाडाखाली शिरलं की गाडी म्हणते रात्र झाली. वीस पावलांवर ऊन लागलं की म्हणते सकाळ झाली. कुडाळला पोचेपर्यंत माझे साताठ दिवस संपलेले असतात. आणि जूनला पाऊस लागला की सप्टेंबरपर्यंत गाडीच्या मते एकच लांबलचक संध्याकाळ.

आता, दिवसा दिवा लागला तर तुझं काय जातं, असं बायकोनेही विचारलं. जातं ते खिशातून. हे झेनॉनचे दिवे आहेत. यांच्या बल्बमध्ये तापून उजळणारी तार नसते. दरवेळी पेटताना वीसेक हजार व्होल्टचा झटका देऊन आतल्या वायूत ठिणगी पाडावी लागते. पेटला की जळत राहायला त्याची ना नसते, पण वारंवार पेटवणं-विझवणं त्याला सोसत नाही. आणि एका बल्बची किंमत म्हणजे भर हंगामातल्या हापूसच्या तीन पेट्या. प्रत्येक फणसाखाली माझे चार आंबे जळताना मला दिसत.

पण खरं सांगायचं तर पैशांपेक्षा माणसांनी जीव नकोसा केला. दिवसा गाडीचा दिवा चालू दिसला की समोरच्याला तो हाताने सांगायचा, हे आपल्याकडे पुण्यकर्म समजतात. पाची बोटं मिटायची, उघडायची, मिटायची, उघडायची, जणू हातात कमळ फुलतंय. दुचाकीवाला हँडल सोडून कमळ फुलवतो. एसटीचा ड्रायव्हर वळणावर कमळ फुलवतो. धामापूरच्या तळ्याजवळ एका आजोबांनी म्हैस सोडून दोन्ही हातांनी फुलवलं, म्हैस रस्त्यात आली आणि दहा मिनिटं मी, आजोबा आणि म्हैस तिघे मिळून मार्ग काढत होतो. त्यातही आजोबांचं एकच, "तुझी लायट चालू हा रे!"

गंमत अशी की १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाक्यांना दिवा बंद करायचं बटणच नाही. कायद्यानेच तो इंजिनाबरोबर लागतो. तारीखही काय निवडली आहे! म्हणजे स्वतःचा दिवा ढणाढणा पेटवून येणारा स्कूटरवाला मला सांगतो की बाबा, तुझा दिवा पेटलाय.

तुम्ही म्हणाल, बटण शून्यावर फिरव की. फिरवलं. आतली खाच झिजली आहे. शून्यावर नेलं की बटण क्षणभर विचार करतं आणि 'कट्' करून 'ऑटो'वर परत येतं. चालूच्या खाचेत मात्र घट्ट बसतं. सर्व्हिस सेंटरवाल्यांनी फोनवर सांगितलं की नवीन स्विच मागवावा लागेल, तीन महिने धरा. मी सहा धरले.

तरीही मी दम धरून होतो. निकाल लागला तो जत्रेत.

तुळशीचं लग्न झालं की आमच्याकडे गावोगावच्या जत्रा आणि दशावतार सुरू होतात. नाटक रात्री उशिरा उभं राहतं आणि पहाटेपर्यंत चालतं. जागा मिळेना म्हणून मी गाडी देवळाच्या बाजूला, रंगमंचाच्या पडद्यामागे लावली होती. मध्यरात्री दोनला कमरेने तक्रार केली म्हणून उठलो आणि लांबूनच किल्लीचं बटण दाबलं. या गाडीला आणखी एक सौजन्य आहे: अंधारात कुलूप उघडलं की मालकाच्या स्वागताला ती आपणहून हेडलाईट लावते.

रंगमंचावर राजा बाकड्याला टेकून विलाप करत होता. राणी वनात हरवलेली. पेटीवाल्याने सूर धरलेला, पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांनी पदर डोळ्यांना लावलेला. आणि अचानक मागचा पडदा लख्ख उजळला. त्यावर दहा फूट उंच सावली उमटली. हरवलेली राणी खुर्चीवर बसलेली, लुगडं गुडघ्यापर्यंत वर, पाय पसरलेले आणि ओठांत विडी. (राणीची कामं आमच्याकडे पुरुषच करतात; आता सांगायला नको.) सावलीने एक सावकाश झुरका घेतला. धूर पडदाभर पसरला.

दशावतारात लिहिलेले संवाद नसतात, सगळं तोंडचं. राजाने मागे वळून पाहिलं, एक दीर्घ श्वास घेतला आणि त्याच दुःखी स्वरात म्हणाला, "प्रिये! तुझ्या विरहाने जळतो आहे मी, मग धूर तुझ्या तोंडातून कसा?"

पेटीवाला पेटीवर पालथा पडला. मी घाईने किल्ली दाबली तर गाडीने भोंगाही वाजवला. तेव्हा राजाने हात जोडले आणि जाहीर केलं की मध्यरात्री सूर्यनारायण सहकुटुंब उगवले आहेत. त्या दिवसापासून गावात माझं नाव सूर्यनारायण. आडनावाने आता फक्त वीजबिल येतं.

दुसऱ्या दिवशी मी सेन्सरवर काळी चिकटपट्टी लावली. डोळा झाकला की दिसणार नाही, आणि दिसलं नाही की कुणी काही करणार नाही, हा माझा तर्क. कचेरीत मी तीस वर्षं तो यशस्वीपणे वापरला आहे. गाडीच्या बाबतीत झालं असं की तिला कायमची रात्र झाली. पूर्वी दिवे लागत-जात होते, आता जाईनातच. अंधाराचं यंत्र झाकून अंधार कमी होत नाही, हे कळायला मला कुडाळपर्यंतची सगळी कमळं बघावी लागली.

मग सेन्सरच सोडवला. वायर काढली तरी दिवे चालूच! सेन्सरकडून माहिती येईनाशी झाली की ही गाडी खबरदारी म्हणून दिवे लावून ठेवते. निमूटपणे सेन्सर परत बसवला, तर वायपर सुरू. एप्रिलचं रणरणतं ऊन, काच कोरडी ठणठणीत आणि वायपर खर्र-खर्र. पावसाचा अंदाज घेणारा भागही त्याच डबीत असतो. काचेला तो जेलच्या पातळ गादीने चिकटलेला असतो, आणि त्या गादीत मी हवेचे बुडबुडे भरून ठेवले होते. त्याला ते पावसाचे थेंब वाटत होते. आता गाडी दिवे लावून, वायपर हलवत, कडक उन्हातून चालली होती आणि लोकांनी कमळं सोडून थेट हात जोडायला सुरुवात केली.

शेवटी कुडाळच्या एका इलेक्ट्रिशियन पोराने सोडवलं. वय चोवीस, कानात डूल. त्याने नवीन जेलची गादी लावली, स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटला वायर जोडली, लॅपटॉप मांडीवर घेतला. पडद्यावर सगळं जर्मन. "तुका जर्मन येता?" मी विचारलं. "नाय ओ काका. खंय टिक काढूची ता म्हायत हा." त्याने एक टिक काढली. यापुढे 'ऑटो' म्हणजे काहीच नाही; दिवा हवा तर हाताने चालू करायचा. चहा आणि आठशे रुपये.

परतीला अंधारलं. मी स्वतःच्या हाताने बटण फिरवून दिवे लावले. काय सुख असतं ते! घरी पोचलो, किल्ली काढली, दिवे गेले, झोपलो.

सकाळी मासे आणायला निघालो. समोरून येणाऱ्या रिक्षावाल्याने कमळ फुलवलं. मी हसून मान हलवली; जुनी सवय बिचाऱ्याची. दुसऱ्याने फुलवलं. एका पोराने ओरडून "सूर्यनारायणा, लायट!" म्हटलं. मी काच खाली करून त्याला अभिमानाने सांगितलं की कोडिंग केलंय. रस्त्याकडेला नेहमीची मासेवाली बसली होती. तिच्या टोपलीसमोर गाडी थांबवली. गाडीचं नाक आणि टोपलीची कड अगदी एका रेषेत. मी खिडकीतूनच बांगड्यांचा भाव विचारला.

तिने भाव सांगितला नाही. हात वर करून बोटं उघडली, मिटली.

"बंद आसा गे," मी म्हटलं. "कालच बंद करून घेतलंय."

तिने एक बांगडा शेपटीला धरून माझ्याकडे वळवला. "मगे ह्याच्या डोळ्यात काय चमाकता ता?"