‘मोशन गेमिंग कुणीही खेळू शकतं’ ह्या फॉरवर्डला उत्तर

कोल्हापुरातल्या बऱ्याच व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या एक व्हिडिओ फिरतोय. व्हीलचेअरवर बसलेला एक माणूस हातातला रिमोट झोकात पुढे नेतो, टीव्हीवर चेंडू गडगडत जातो, सगळ्या पिना आडव्या होतात आणि मागून टाळ्या पडतात. खाली मजकूर असा: “मोशन गेमिंग म्हणजे दिव्यांगांसाठी वरदान. बटणांची कटकट नाही, नुसतं हलायचं. कुणीही खेळू शकतं. कॅमेरावाला सेट घेतला तर हातात काही धरायलाही नको. खेळता खेळता व्यायाम होतो, फिजिओचा खर्च वाचतो. प्रत्येक संस्थेत हेच बसवा, दुसऱ्या महागड्या उपकरणांची गरज नाही.”

त्या माणसाच्या चेहऱ्यावरचा आनंद खरा आहे, त्याबद्दल काही म्हणायचं नाही. पण आमच्या भागातल्या एका मंडळात वर्गणीतून असा सेट घेऊन एका संस्थेला भेट द्यायची चर्चा सुरू झाली आहे. पैसे जाण्याआधी ह्या मजकुराचं एकेक वाक्य तपासलं पाहिजे.

“बटणांची कटकट नाही.” माझ्या मामेभावाला मस्क्युलर डिस्ट्रॉफी आहे, म्हणजे स्नायू झिजत जाण्याचा आजार, ड्युशेन प्रकारचा. ह्या आजारात ताकद आधी खांद्यांची आणि मांड्यांची जाते, बोटांची सगळ्यात शेवटी. त्याला आता पाण्याचा ग्लास तोंडापर्यंत नेता येत नाही. पण गेमचा बटणांवाला कंट्रोलर मांडीवरच्या उशीवर ठेवला आणि दोन्ही मनगटं कुणी नीट टेकवून दिली की त्याचे अंगठे झपाझप चालतात. तो फुटबॉल खेळतो. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहारची मॅच असली की मामा त्याला न्यायचे. आता तिथली गर्दी त्याला झेपत नाही, तेव्हा तो घरीच दोन टीम बनवतो आणि दोन्हीकडून खेळतो. मला एकदा म्हणाला, “दादा, हितं मला पळायला येतंय की.”

त्याच्या हातात मोशनचा रिमोट दिला तर पहिली मागणी होते खांद्याची, म्हणजे त्याच्याकडून आधीच गेलेल्या गोष्टीची. बटणांच्या गेममध्ये मैदानावर पळायला पाय लागत नव्हते. मोशन गेमने ते पुन्हा मागायला सुरुवात केली. २०१० साली अंगाची हालचाल टिपणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या किनेक्ट कॅमेऱ्याबरोबर जो खेळांचा गेम आला, त्यातल्या फुटबॉलमध्ये चेंडू मारायला खरा पाय उचलून लाथ मारावी लागे. सोय म्हणून सांगितलेली ही गोष्ट माझ्या भावासाठी बंद दार आहे, आणि हे लिहायला बसलो त्याचं मुख्य कारण तेच.

शिवाय बटणं गेलेलीही नाहीत. निनटेंडोचा वी हा कन्सोल, म्हणजे टीव्हीला जोडायचं गेमचं यंत्र, २००६ साली आला, आणि व्हिडिओत दिसते तशी बोलिंग त्यानेच घरोघरी पोचवली. त्यात चेंडू टाकताना रिमोटच्या खालच्या बाजूचं बटण दाबून धरायचं आणि हात पुढे आला की नेमक्या क्षणी सोडायचं असतं. सेरेब्रल पाल्सीमुळे, म्हणजे लहानपणीच मेंदूला इजा होऊन हालचालींवरचा ताबा गेल्यामुळे, ज्यांची मूठ घट्ट मिटते, त्यांना दाबणं जमतं पण सोडणं जमत नाही. आणि खेळ सुरू व्हायच्या आधी मेनूतला चौकोन निवडायला रिमोट टीव्हीकडे रोखून हात हवेत स्थिर धरावा लागतो. व्हिडिओ सुरू होतो त्याच्या आधी हे काम बहुतेक वेळा दुसऱ्याच कुणीतरी केलेलं असतं.

“कुणीही खेळू शकतं.” ह्या वाक्यात थोडं तथ्य आहे, ते आधी सांगतो. वीच्या रिमोटमधला सेन्सर हात किती लांब गेला हे मोजत नाही, वेग किती पटकन बदलला हे मोजतो. त्यामुळे पूर्ण हात न फिरवता नुसता मनगटाचा झटका दिला तरी टेनिसची रॅकेट फिरते, आणि त्या टेनिसमध्ये खेळाडू चेंडूपर्यंत आपोआप पळतो. पोलिओ झालेले किंवा कमरेखालची संवेदना गेलेले, पण वर्षानुवर्षं चाकं ढकलून दंड-खांदे भक्कम झालेले लोक हे खेळ बसल्या जागी मस्त खेळतात. व्हिडिओतला माणूसही तसाच दिसतो, त्याचा खांदा बघा.

पण त्याच्यावरून सगळ्यांचा हिशेब मांडला गेला, आणि घोटाळा तिथेच झाला. पार्किन्सनचा कंप असलेल्या हातातला रिमोट प्रत्येक थरथर खेळ म्हणून नोंदवतो. सेरेब्रल पाल्सीच्या काही प्रकारांत हात मनात नसताना उसळतो. गेमला हेतू कळत नाही, त्याला फक्त झटका कळतो. अर्धांगवायूने एक बाजू गेलेल्या माणसाला वीचं बॉक्सिंग दाखवा, तिथे दोन्ही हातांत एकेक कंट्रोलर लागतो. किती जोराची हालचाल धरायची, कुठल्या अवयवाची धरायची, हे गेम बनवणाऱ्याने धडधाकट शरीर समोर ठेवून ठरवलेलं असतं. खेळणाऱ्याला ते बदलता येत नसेल, तर बटण असो की मोशन, अडचण तीच राहते.

“कॅमेरा असेल तर हातात काही धरायलाही नको.” पहिला किनेक्ट माणसाच्या शरीराचे २० सांधे शोधून त्यांचा सांगाडा बांधायचा, आणि ती बांधणी उभ्या माणसाला धरून होती. खुर्चीचे हात, पुढची चाकं, मांडीवरचा ट्रे हे सगळं मध्ये आलं की गुडघा कुठे आणि खुर्ची कुठे हे त्याला समजेनासं होतं. बसलेल्या माणसाचे वरचे १० सांधे तेवढे धरण्याची सोय २०१२ साली आली, पण ती विंडोजसाठी प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांच्या हातात; दुकानात मिळणाऱ्या गेमची त्याने काही सुटका झाली नाही. शिवाय कॅमेऱ्यासमोर सहा-आठ फूट मोकळी जागा हवी. पेठेतल्या घरात पलंग, कपाट आणि व्हीलचेअर मांडल्यावर ती उरते का, हे मंडळाच्या पोरांनी स्वतः जाऊन बघावं. आणि किनेक्टचं उत्पादन २०१७ सालीच थांबलंय, म्हणजे आज मिळेल तो जुनाच सेट.

“फिजिओचा खर्च वाचतो.” हे वाक्य मला सगळ्यात धोक्याचं वाटतं, कारण ते वाचून कुणीतरी उपचार सोडेल. अर्धांगवायूनंतर हाताची ताकद परत यावी म्हणून वीवर खेळण्याचा उपयोग किती, ह्याची एक नीट चाचणी कॅनडा, अर्जेंटिना, पेरू आणि थायलंडमध्ये १४१ रुग्णांवर झाली आणि २०१६ साली तिचे निष्कर्ष छापून आले. सगळ्यांचे नेहमीचे उपचार चालूच होते. त्यावर काहींना वी दिला आणि काहींना पत्ते, बिंगो, चेंडू असले साधे खेळ. शेवटी दोन्ही गटांच्या सुधारणेत फरक दिसला नाही. म्हणजे वी खेळण्यात वाईट काही नाही, माणूस कंटाळत नाही हाही फायदाच. पण पत्त्यांपेक्षा जास्त गुण त्यात आढळला नाही, आणि उपचारांच्या जागी तो कुणी दिलाच नव्हता. ज्यांचे स्नायूच झिजतायत, त्यांना “व्यायाम होतोय, अजून जोरात” म्हणणं तर घातक आहे. माझ्या भावाला दमवून चालत नाही.

आणि एक. दिव्यांग माणसाच्या खेळाला प्रत्येक वेळी व्यायामाचं कारण का जोडायचं? २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातलं २९ वं कलम संस्कृती आणि मनोरंजनाबद्दलच आहे. माझा भाऊ गोल मारायला खेळतो, तेवढं पुरेसं आहे.

“दुसऱ्या महागड्या उपकरणांची गरज नाही.” गरज आहे, आणि ती सगळीच महाग नाहीत. सगळ्यात स्वस्त सोय म्हणजे सेटिंगमधला पर्याय. झेल्डा मालिकेतला ‘स्कायवर्ड स्वोर्ड’ हा गेम २०११ साली आला तेव्हा तलवार चालवायला हात फिरवण्यावाचून इलाज नव्हता. २०२१ साली तोच गेम निनटेंडोच्या ‘स्विच’ नावाच्या कन्सोलवर आला, आणि आता अंगठ्याखालची दांडी सरकवूनही तलवार चालते. म्हणजे मोशनची सक्ती खेळाच्या पोटात नव्हती. ‘मारिओ कार्ट ८ डिलक्स’मध्ये गाडी आपोआप पुढे जाते, वळणावर सांभाळून घेते, आणि कंट्रोलर तिरका करून चालवायचं की नाही हेही खेळणारा ठरवतो. विकत घ्यायचे तर असे गेम घ्यावेत.

दुसरी सोय मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स ह्या कन्सोलसाठीच्या ॲडॅप्टिव्ह कंट्रोलरची. २०१८ साली तो आला तेव्हा अमेरिकेत किंमत ९९.९९ डॉलर होती. तो विंडोजच्या कॉम्प्युटरलाही चालतो. त्याच्या पाठीमागे ३.५ मिलिमीटरची १९ भोकं आहेत, हेडफोनची पिन बसते तशीच. प्रत्येक भोकात एक स्विच, म्हणजे तारेचं सुटं बटण, आणि तो स्विच कोपराखाली, टाचेखाली, गालाशी, कुठेही ठेवा. परदेशातून तयार स्विच मागवले तर ते महाग पडतात. पण आत असतं काय? दोन तारा, एक पिन, आणि दाबलं की जुळणारा एक साधा संपर्क. ऑइल इंजिनचे सुटे भाग घडवणाऱ्या उद्यमनगरात हे जमणार नाही असं मला कुणी सांगू नये. भावाच्या हनुवटीजवळ आम्ही बसवलेला स्विच तिथल्याच एका कारागिराने करून दिला. आधीचं बटण दाबायला जड होतं, म्हणून त्याने आतली स्प्रिंग बदलली आणि वर पातळ रबर चिकटवलं. आता हनुवटीचा नुसता भार पडला तरी पास जातो.

एक्सबॉक्सवर दोन कंट्रोलर मिळून एकाच खेळाडूचे करता येतात. भावाला न जमणारी दोन बटणं त्याची बहीण सांभाळते, बाकी खेळ त्याचा.

मोशनलाही माझा विरोध नाही. गुगलने २०२३ साली प्रोजेक्ट गेमफेस नावाचं मोफत साधन खुलं केलं. त्यात साधा वेबकॅम डोक्याची हालचाल बघून माऊस फिरवतो आणि भुवई उचलली किंवा तोंड उघडलं की क्लिक होतं. भुवई किती उचलली म्हणजे क्लिक धरायचं, हे वापरणारा स्वतः ठरवतो. मान आणि चेहरा तेवढाच हाताशी उरलेल्या माणसाला ही मोशनच उपयोगी पडते.

तेव्हा मंडळाला माझी विनंती आहे. स्वतः व्हीलचेअर वापरणाऱ्या नसीमा हुरजूक यांनी हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्डसारखी संस्था ज्या शहरात उभी केली, तिथे दिव्यांगांना काय हवं हे दिव्यांगांनाच विचारायची पद्धत नवी नाही. संस्थेत जा, जे खेळणार आहेत त्यांच्याशी बोला. कुठला गेम हवाय, शरीराचा कुठला भाग न दमता हलतो, किती वेळ बसवतं, टेबलाखाली खुर्ची जाते का, हे विचारा. कुणाचा तरी कंट्रोलर मागून आणा आणि त्यांना खेळून बघू द्या. स्विचचं काम निघालं तर मला सांगा, उद्यमनगरात मी बरोबर येतो.