बदलीवरचा स्ट्रायकर

परवा पार्क चौकात चहा पीत असताना भाच्याने मोबाईलवर एका फुटबॉल स्ट्रायकरची, म्हणजे गोल करायचं काम असणाऱ्या खेळाडूची, माहिती उघडून माझ्यासमोर धरली. "बघा ओ मामा, पाच वर्षांत सहा क्लब, सगळे लोनवर. कुठंच टिकला नाही. मग कसला प्लेअर ओ हा?"

लोन म्हणजे खेळाडू मूळ क्लबाचाच, पण काही काळ दुसऱ्या क्लबाला उसना दिलेला. मला तेव्हा नीट उत्तर देता आलं नाही. त्याने फुटबॉलबद्दल विचारलं होतं आणि मला अप्पा आठवत होते.

अप्पा, माझे वडील, कापड गिरणीत बदली कामगार होते. सोलापुरात ज्यांच्या घरात गिरणी होती त्यांना बदली म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. नव्या पोरांसाठी सांगतो. भोंगा व्हायच्या आधी गेटवर जाऊन उभं राहायचं. कुणी पर्मनंट माणूस गैरहजर असला तर त्याच्या साच्यावर, म्हणजे मागावर, काम, नाहीतर घरी परत. ज्याचा साचा असतो त्याला त्याची खोड माहीत असते, धागा कुठं तुटतो, धागा नेणारा धोटा कुठं अडतो. बदलीवाल्याला ती खोड उमगेपर्यंत पाळी संपायची. कापडात दोष निघाला की ऐकून घ्यायचं, 'बदलीवाला आहे, असंच व्हायचं.' काम न मिळालेल्या दिवशी डबा भरलेलाच परत यायचा. आई काही विचारायची नाही. ती भाकरी आम्ही पोरं खायचो.

भाच्याने दाखवलेला खेळाडू पॅट्रिक बॅमफर्ड. जानेवारी २०१२ मध्ये लंडनच्या चेल्सी क्लबाने त्याला नॉटिंगहॅम फॉरेस्टकडून घेतलं, तेव्हा तो अठरा वर्षांचा होता. मग लोनवर एमके डॉन्स, डर्बी, मिडल्सब्रो, क्रिस्टल पॅलेस, नॉर्विच, बर्नली. जानेवारी २०१७ मध्ये चेल्सी सुटली, तोवर चेल्सीच्या पहिल्या संघाकडून तो एकही अधिकृत सामना खेळला नव्हता. त्या काळात चेल्सीचे एकेका मोसमात तीसहून जास्त खेळाडू बाहेर लोनवर असायचे. एवढी पोरं गेटबाहेर उभी.

आता हीच यादी जरा निराळी वाचा. मिडल्सब्रोमध्ये त्याला २०१४-१५ चा मोसम जवळपास पूर्ण मिळाला. प्रशिक्षक ऐतोर करांका त्याला खेळवत राहिले. लीगमध्ये १७ गोल केले आणि चॅम्पियनशिपचा, म्हणजे इंग्लंडमधल्या दुसऱ्या पातळीच्या लीगचा, त्या मोसमातला सर्वोत्तम खेळाडू ठरला. नंतर पॅलेस, नॉर्विच, बर्नली. तिथे बहुतेक वेळ बाकावर, तिन्हीकडे मिळून एकही गोल नाही. पाय तेच होते, डोकं तेच होतं. फरक लागोपाठ मिळालेल्या सामन्यांचा.

लोनचा हा जाच स्ट्रायकरला सगळ्यात जास्त होतो असं माझं ठाम मत आहे. गोलकीपरला निदान चेंडू समोरून येताना दिसतो. स्ट्रायकरचं सगळं काम दुसऱ्याच्या पायावर. कडेने पळणारा विंगर गोलसमोर टाकायचा चेंडू, क्रॉस, जवळच्या खांबाकडे टाकतो की लांबच्या, मान वर करून टाकतो की न बघताच, मिडफिल्डर चेंडू पायात देतो की मोकळ्या जागेत, हे अंगवळणी पडायला आठवडेच्या आठवडे जातात. आणि त्याला बोलावणारा क्लब बऱ्याचदा अडचणीतला असतो. जखमी माणसाच्या जागी हा जातो. तो माणूस बरा झाला, किंवा ज्या प्रशिक्षकाने मागून घेतलं त्याचीच नोकरी गेली, की हा बाकावर. करारात तशी सोय असेल तर मूळ मालक मधेच परत बोलावतो. इंग्लंडच्या अव्वल प्रीमियर लीगमध्ये तर लोनवरच्या खेळाडूला मूळ क्लबाविरुद्ध खेळताही येत नाही. म्हणजे मालकाच्या डोळ्यांसमोर उभं राहून 'बघा' म्हणायची सोयही नाही.

गोल करूनही सुटका होते असं नाही. २०१२-१३ मध्ये चेल्सीच्याच रोमेलू लुकाकूने लोनवर वेस्ट ब्रॉमकडून लीगमध्ये १७ गोल केले. शेवटच्या सामन्यात बदली म्हणून उतरून मँचेस्टर युनायटेडविरुद्ध हॅट्ट्रिक केली, सामना ५-५ सुटला. तो युनायटेडचे प्रशिक्षक सर ॲलेक्स फर्ग्युसन यांचा अखेरचा सामना होता. पुढच्याच मोसमात चेल्सीने लुकाकूला एव्हर्टनला लोनवर धाडलं. अजून काय करायचं होतं त्या पोराने?

टॉटनहॅमच्या तेव्हाच्या स्ट्रायकरचं, हॅरी केनचं सांगतो, कारण भाचा त्याचा भक्त आहे. लेटन ओरिएंट, मिलवॉल, नॉर्विच, लेस्टर अशा चार ठिकाणी लोनवर फिरलेला माणूस. मिलवॉलने अर्ध्या मोसमात भरपूर खेळवलं, नऊ गोल आले. नॉर्विचमध्ये दुखापत आणि मोजकेच सामने, गोल शून्य. नॉर्विचच्या शून्यावरच टॉटनहॅमने त्याला मोडीत काढलं असतं तर पुढचे त्यांचे पावणेतीनशेहून जास्त गोल कुणी केले असते? आपला सुनील छेत्रीसुद्धा २०१३ मध्ये स्पोर्टिंग लिस्बनकडून लोनवर चर्चिल ब्रदर्समध्ये आला होता. त्या मोसमात चर्चिलने आय-लीग, भारतातली तेव्हाची अव्वल लीग, जिंकली.

फिफाने, फुटबॉलच्या जागतिक संघटनेने, २०२२ पासून लोनवर बंधनं आणली. एक लोन जास्तीत जास्त एक वर्षाचं, आणि जुलै २०२४ पासून एका क्लबाला बाहेर सहाच खेळाडू देता येतात. चांगलंच केलं. पण ही सहाची मर्यादा परदेशी लोनला आहे, आणि २१ वर्षांपर्यंतची, क्लबातच तयार झालेली पोरं त्यात धरत नाहीत. बॅमफर्डची सगळी लोनं इंग्लंडातल्या इंग्लंडात झाली. त्याला या आकड्याचा काय उपयोग झाला असता? मला विचाराल तर लोनच्या करारात किती सामने खेळवणार याचा आकडा लिहायलाच हवा. गेटवर उभ्या केलेल्या माणसाला निदान साचा तरी द्या.

बॅमफर्ड २०१८ मध्ये लीड्सला गेला. या वेळी लोन नव्हतं. प्रशिक्षक मार्सेलो बिएल्साने, सोप्या संधी हुकल्या, लोकांनी नावं ठेवली, तरी त्याला खेळवत ठेवलं. २०२० मध्ये लीड्स सोळा वर्षांनी प्रीमियर लीगमध्ये परतला. पुढच्या मोसमात या 'कुठंच न टिकलेल्या' माणसाने तिथे १७ गोल केले. त्यातले तीन ॲस्टन व्हिलाच्या मैदानावर एकाच सामन्यात. ५ सप्टेंबर २०२१ रोजी, आपल्या अठ्ठाविसाव्या वाढदिवशी, वेम्ब्लीवर अँडोराविरुद्ध तो इंग्लंडकडून उतरला. इंग्लंडकडून तेवढा एकच सामना. पण उतरला.

अप्पा पर्मनंट झालेच नाहीत, त्याआधी गिरणी बंद पडली. त्यांच्या हाताला साच्याची जाण होती हे शेजारच्या साच्यावर उभे राहणारे काका मला ते गेल्यावर दहाव्याला सांगत होते. ते हयात असताना हे घरात कुणी बोललं नाही, मीही नाही.

रविवारी भाचा जेवायला येणार आहे. अप्पांचं बदलीचं कार्ड ट्रंकेतून काढून ठेवलंय. आधी ते त्याच्या हातात देणार, मग दोघं मिळून व्हिलाविरुद्धचे ते तीन गोल बघणार.